ड्रायरचा कॉक

धनेश,

गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मी ऑफिसला जातेय. वरणभात कुकरमध्ये आहे, जेव.

आईंचे दिवस करून काल सांगलीहून आल्या आल्या तू बॅगेतले सगळे कपडे धुवायला टाकलेस. ते आपल्या गॅसवरच्या ड्रायरमधून तसेच ओले निघाले. उठल्यावर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नकोस. जहाजाचं इंजिन नाहीये ते, आणि बिघडलंही काही नाहीये.

ड्रम फिरतो, टकटक ऐकू येते, पण ज्योत पेटत नाही. मी जाळी साफ केली, मागचा पाइप पाहिला. मग वाकून बघितलं तर गॅसचा कॉक बंद. दांडी पाइपाला आडवी.

आईंनी केलाय. आपल्याकडे राहून सांगलीला परत जायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती आणि त्या पुन्हा आत आल्या होत्या, आठवतंय? गावाला निघताना गॅस बंद करायचा, ही त्यांची सवय. आपण दोघं इथेच राहणार आहोत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. शेगडीचा कॉक मी दुसऱ्या दिवशी चहाला उघडला. हा राहिला. नंतर ड्रायर लावलाच नाही, आणि मग सांगलीचा फोन आला.

दुरुस्तीवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंय. दांडी पाइपाच्या रेषेत फिरवली की झालं.

मी हात लावलेला नाही, आईंनी फिरवली तशीच आहे. घाईही नाही. आज ऊन आहे, कपडे खिडकीबाहेर बांबूवर टाकलेत.

सुलभा