तार सोडून बघ

प्रिय ब्रेंडन,

पाकीट उघडताना एक चिमुकली वस्तू तुझ्या मांडीवर पडली असेल. फेकू नकोस, बाजूला ठेव, तिच्याकडे मी येणारच आहे. आणि हे पत्र आहे, फोन नाही, त्यामुळे मला मध्येच तोडता येणार नाही. फोनवर तू ‘हो गं, कळलं गं, तू फार ताणतेस’ म्हणून मला गप्प करतोस आणि मीही मूर्खासारखी गप्प बसते. आज मी संतापलेली आहे आणि शेवटच्या ओळीपर्यंत संतापलेलीच राहणार आहे. तेव्हा चहा घेऊन बस.

आईला हॉबार्टच्या हॉस्पिटलमधून घरी आणून अकरा दिवस झाले. खोकला ओसरलाय. पुढच्या खोलीचं छत काळं पडलंय, पडदे गेले, बाबांची खुर्ची गेली. त्या दिवशी काय झालं ते तू अर्धंच ऐकलंस, म्हणून पुन्हा सांगते. दुपारचं जेवण झाल्यावर आई मागच्या खोलीत आडवी झाली. कानातली यंत्रं काढून बशीत ठेवली. पुढच्या खोलीत लाकडाची शेगडी पेटलेली होती आणि तिच्या वरच्या दांडीवर लोकरी मोजे वाळत होते. त्यातला एक खाली घसरला. मोजे तिथे वाळत घातले ही तिची चूक, मान्य. पण मे महिन्याच्या थंडीत शेगडीवर मोजे वाळवत नाही असं जीव्हस्टनमधलं एक तरी घर मला दाखव. समोरच्या वर्नाला खिडकीतून धूर दिसला. ती हाताला लागलेलं पीठ तसंच घेऊन धावली, मागचं दार ढकललं आणि आईला झोपेतून ओढून बाहेर आणलं. गावातले अग्निशमनवाले येईपर्यंत ब्याऐंशी वर्षांची आपली आई ओल्या गवतावर अनवाणी उभी होती आणि वर्नाला विचारत होती, ‘भोंगा का नाही वाजला गं?’ वाजला नाही खरा. घराच्या मधोमध, छताला लावलेला धुराचा डिटेक्टर धुरात बुडाला होता आणि भोंगा गप्प होता. माझ्या फोनवर संदेश यायला हवा होता, तोही आला नाही. मी तेव्हा फ्रँकलिनला एका दुकानात कॅमेरे बसवत होते, पंधरा मिनिटांच्या अंतरावर.

आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी पर्थहून फोन केलास आणि नाकात नळी असलेल्या बाईला विचारलंस, ‘मम, तूच काहीतरी दाबलं असशील. आठव बरं नीट.’ मी खाटेशेजारी उभी होते. आई छताकडे बघत म्हणाली, ‘दाबलं असेल बाबा. आताशा माझं काही खरं नाही.’ तू लगेच म्हणालास, ‘कोणी तुला रागावत नाहीये.’ वा! काय ते मोठं मन! दोन दिवसांत तू किंग्स्टनच्या वृद्धाश्रमात खोलीसुद्धा शोधलीस. खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली अठ्ठावन्न वर्षं काय दिसतंय, वाळवंट?

तुझ्या त्या एका वाक्याने तिचं काय केलं ते तुला दिसत नाही, मला रोज दिसतं. अलार्मच्या कीपॅडसमोर स्टूल घेऊन बसते आणि बोट हवेतच एकेका बटणावर फिरवते. मला विचारते, ‘मी हे दाबलं असेन की ते?’ कोंबड्यांना दाणे घातले की नाही ते बघायला तीन-तीनदा बाहेर जाते. परवा तिने जॅम करायचं तांब्याचं पातेलं वर्नाला देऊन टाकलं. ते पातेलं, ब्रेंडन! ज्याला आपण लहानपणी बोट लावलं तर पाठीत धपाटा बसायचा. वर्ना ते पोटाशी धरून माझ्या दारात आली, डोळे लाल, आणि माझ्यावरच खेकसली, ‘ही बाई वाटण्या करत सुटलीय आणि तू काय नुसती बघतेस? मी काय करू याचं, डोक्यावर घालू?’ मी आईला विचारलं तर म्हणाली, ‘विस्तवाजवळ जायचा मला माझाच भरवसा नाही गं.’ एवढ्या साध्या आवाजात म्हणाली की मला बाहेर जाऊन गाडीत बसावं लागलं.

शुक्रवारी अकरा वाजता वृद्धाश्रमाची बाई कागद घेऊन येणार आहे. आई सही करणार. तिला जायचं नाहीये. तिला वाटतं की तिला इथे राहायचा आता हक्क नाही.

म्हणून काल, रविवारी, मी अलार्मची पेटी उघडली. खरं तर पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. का उघडली नाही ते शेवटी सांगते. पेटी प्रत्येक बटणाची वेळ टिपून ठेवते हे तुला माहीत आहे. आगीच्या दिवशी शेवटचं बटण सकाळी सात दहाला दाबलेलं, तिने उठल्यावर चोरांसाठीचा रात्रीचा पहारा बंद केला ते. त्यानंतर दिवसभर त्या कीपॅडला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि सकाळचा पहारा बंद केल्याने धुराचा भोंगा बंद होत नाही, तो चोवीस तास जागाच असतो. मग मी पेटीचं झाकण काढलं. धुराच्या तारेच्या दोन स्क्रूंखाली, छान वाकवून, अगदी तुझ्या नीटनेटक्या हातानं बसवलेला होता तो. तीच वस्तू आता तुझ्या बाजूला आहे. घे हातात. ओळखलास ना? रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टर, तांदळाच्या दाण्याएवढा. मग छपरात चढले. डिटेक्टरपासून दोन हातांवर तार कुरतडलेली. उंदीर असेल, पॉसम असेल. तुटलेल्या टोकांवर धूळ बसलीय, म्हणजे आजकालचं नाही ते. किती महिने आई त्या मुक्या डिटेक्टरखाली झोपत होती, देव जाणे.

आता उंदरांवर ढकलू नकोस. छपरात उंदीर असतात हे बाबांना माहीत होतं, म्हणूनच तर त्यांनी आपल्याला अलार्म नीट बसवायला शिकवलं. शेडमधली ती फळी आठव, जुनी पेटी ठोकलेली, आणि आपण दोघं तिच्यासमोर उकिडवे बसलेलो. रेझिस्टर तारेच्या शेवटच्या टोकाला, थेट डिटेक्टरच्या पोटात बसवायचा. पेटी तारेतून सारखी हाक मारत असते आणि टोकावरचा रेझिस्टर ओ देतो. मध्ये कुठे तार तुटली की ओ येत नाही आणि पेटी लगेच बोंब मारते, मग माणूस जाऊन दुरुस्त करतो. तोच रेझिस्टर आळस करून पेटीत लावला तर? बाबा बायकी आवाज काढून दाखवायचे, ‘पेटीबाई, कशा आहात?’ ‘मजेत!’ स्वतःच विचारायचं आणि स्वतःच सांगायचं. तू हसून लोळायचास. आणि काम संपलं की काय करायचं? डिटेक्टरकडची तार सोडून बघायची. पेटी ओरडली तरच कागदावर सही. तू एकदा कुरकुरलास, ‘दर वेळी?’ तर म्हणाले, ‘दर वेळी रे, गाढवा.’

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी मला लख्ख आठवतो. आईला छतावरचा जुना बॅटरीचा डबा ऐकू येईना, म्हणून धुराचा डिटेक्टर अलार्मच्या पेटीला जोडायचा, म्हणजे मोठा भोंगा वाजेल आणि माझ्या फोनवर संदेश येईल, असं मीच सुचवलं होतं. तू सुट्टीला आलेला होतास. म्हणालास, ‘मी करतो. वर्षभर तूच करतेस तिचं सगळं, हे मला करू दे.’ मला केवढं बरं वाटलं होतं त्या दिवशी. भर उन्हाळा, पत्र्याखाली भट्टी पेटली होती. तू वरून उतरलास तेव्हा शर्ट पिळून काढण्याजोगा झालेला, भुवयांवर धूळ. पेटीशी आलास आणि खिशात हात घातलास तर रेझिस्टर खिशातच. वर लावायचा राहिलेला. पुन्हा त्या भट्टीत चढायचं तुझ्या जिवावर आलं. एवढंच ना? माझ्या लक्षात आलं नाही, पण आता इथे बसून मला ते सगळं दिसतंय. लावलास पेटीत, झाकण बंद केलंस, भोंग्याची चाचणी घेतलीस, भोंगा वाजला. आई टाळ्या वाजवत म्हणाली, ‘हा तर मेलेल्यालाही उठवेल!’ आणि तू जुना डबा काढून कचऱ्यात टाकलास, ‘आता याची काय गरज.’

आळस मी समजू शकते. चाळीस डिग्रीत माझ्याही हातून झाला असता. पण आग लागल्यावर, तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही? मला खरं सांग. आलं असणार. फोन करण्याआधी आलं असणार, म्हणूनच ‘तूच काहीतरी दाबलं असशील’ हे वाक्य तुझ्या तोंडात इतकं तयार होतं. दर रविवारी फोन करून तू म्हणतोस, ‘सगळं मजेत ना? मजेतच असणार,’ आणि उत्तर ऐकायच्या आत क्रिकेटवर जातोस. बाबांची पेटीबाई तूच रे. आणि मला या गोष्टीची इतकी चीड आहे की लिहिताना पेनाने कागद फाटतोय. स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून तू आईच्या डोक्यावर खापर फोडलंस, आणि तिने ते निमूट घेतलं, कारण तिच्या लेखी तू खोटं बोलत नाहीस.

आता राहिलेलं सांगते. त्या जानेवारीत तुझ्याकडे परवाना नव्हता, म्हणून कागदावर सही माझी आहे. मी शिडी धरून उभी होते, थंड बिअरची बाटली हातात होती, तुझं विमान संध्याकाळी होतं. मी विचारलं, ‘तार सोडून बघितलीस ना?’ तू म्हणालास, ‘हो हो.’ आणि मी सही केली. मी स्वतः तार सोडली नाही. दर वेळी सोडते, त्या एका वेळी नाही. पेटी उघडायला मी इतके दिवस लावले ते याचसाठी, आत काय सापडेल याची भीती माझीच होती. परवाना देणाऱ्या खात्याला मी आज सकाळी कळवलंय, त्यांना जे करायचं ते करू देत. आणि आईलाही काल सगळं सांगितलं. तिने काही दाबलं नव्हतं, माझी सही, तुझा रेझिस्टर, सगळं. तिच्या तळहातावर तो ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझा गाल थोपटला. म्हणाली, ‘तू लहानपणापासून अशीच. मला वाईट वाटू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतेस. ब्रेंडन बाबांच्या हाताखाली शिकलाय, तो असं करणार नाही. तो म्हणतो तेच खरं.’ ऐकलंस? माझ्या शब्दाने होत नाहीये. जे तू बोललास ते फक्त तुझ्याच आवाजात पुसलं जाईल. तिला किंग्स्टनला जायचंच असेल तर खुशाल जाऊ दे, मी सामान बांधून देईन. पण ‘मी वेडी झालेय’ असं स्वतःबद्दल समजून तिने जायला नको. हे पत्र जलद टपालाने पाठवतेय, तुला बुधवारी मिळेल. गुरुवारी दुपारी चार वाजता, तुझ्याकडे तेव्हा दोन वाजलेले असतील, ती चहा घेऊन, यंत्रं कानात घालून फोनजवळ बसते. मी तिला तू फोन करशील असं सांगितलेलं नाही. मी शेजारच्या खोलीत असेन. तार सोडलीय मी, ब्रेंडन. आता बघू ओरड येते का.

तुझीच, निदान गुरुवारपर्यंत,
ग्लेनिस