आमच्या घरी 'जाते' म्हणत नाहीत

प्रिय अश्विन,

पत्र बघून दचकू नकोस, इंदूरला सगळे धडधाकट आहेत. आपण कित्येक महिन्यांत बोललो नाही, म्हणजे मीच बोलले नाही. जर्मनीत परस्पर लग्न उरकून मग आईला फोनवर कळवणाऱ्या मुलाशी बोलायचं तरी काय? तू बायकोचं नाव सांगायच्या आतच मी फोन ठेवला. नंतर तू फोटो पाठवलेस, तेही उघडले नाहीत. खरं सांगते, रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. शेजारच्या बेबीमावशी रोज सुनावतात, "सुलोचना, इतका गुस्सा बरा नाही हं, लड़का हाथ से जाएगा." मी त्यांनाही गप्प बसवते.

क्लास मात्र जोरात चालला आहे. बडा गणपतीजवळची ती वरची खोली सकाळी अजूनही 'मायसेल्फ रजत' म्हणणाऱ्या पोरांनी भरते. संध्याकाळी मी लॅपटॉपवर परदेशी लोकांना इंग्रजी शिकवते. व्हिएतनामचा एक स्वयंपाकी आहे, ब्राझीलची एक नर्स आहे. ती आपलं वय सांगताना 'आय हॅव थर्टी इयर्स' म्हणते, जसं काही वय पर्समध्ये ठेवलंय. इतकी वर्षं शिकवल्यावर आता मला चुकीवरून माणसाचं गाव ओळखता येतं.

दिवाळीनंतर माग्दा नावाची एक पोलंडची मुलगी आली. शब्द जपून वापरणारी, गृहपाठ वेळेवर करणारी. इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदं गिळते, पण ते तिकडचे सगळेच गिळतात. तिची एक चूक मात्र मला कळेना. तास संपला की ती म्हणायची, "ओके टीचर, आय कम," आणि लॅपटॉप बंद. पहिल्यांदा मला वाटलं, पाणी प्यायला उठली असेल, परत येईल. वेड्यासारखी स्क्रीनकडे बघत बसले! पुढे दर वेळी बजावलं, बाई गं, 'आय अ‍ॅम लीव्हिंग' म्हण. ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच.

गेल्या सोमवारी मी आवाज चढवला. ती घाबरली, पण हटली नाही. खाली बघत म्हणाली, "नो टीचर. इन अवर हाउस, नोबडी सेज लीव्ह."

अश्विन, असली चूक पोलंडमध्ये कोण करणार? निघताना 'जातो' म्हटलंस की बाबा तुला दारातून परत बोलवायचे आणि 'येतो' म्हणायला लावायचे. पहिलीत असताना तू हेडमास्तरांना "आय अ‍ॅम कमिंग सर" सांगून सरळ घरी निघून आला होतास. मी माग्दाला पुढचा गृहपाठ दिला. तास संपवला, चष्मा पुसला आणि तुझे फोटो उघडले. हिरव्या साडीत तीच उभी होती, पदर उलट्या खांद्यावर घेऊन. मी खूप हसले, मग रडलेही.

राग पुरता गेलेला नाही. सासूच्या क्लासात गुपचूप येऊन बसायची कल्पना तिचीच असणार, तुझ्यात एवढी हिंमत कुठली! तिला अजून ठाऊक नाही की मी ओळखलंय, आणि तूही सांगू नकोस. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर हे पत्र लिहिलं. ते पोचेपर्यंत मी तिला भूतकाळ शिकवत ठेवीन. त्यानंतरचा धडा आहे, 'आपल्या नवऱ्याची ओळख करून देणे'. त्या दिवशी तिच्या शेजारी येऊन बस, केस विंचरून. तिला चुका करू दे, मी एकही सुधारणार नाही.

तुमच्या दोघांचीच,
आई