कांडी उठली नाही, त्याबाबत

प्रति,
मा. परीक्षण अधिकारी,
पाळीव श्वान वर्तणूक चाचणी समिती,
सुरत.

अर्जदार : सुकलाल दगडू महाजन, वय ६६, रा. बमरोली, सुरत.

विषय : कांडी नावाच्या कुत्रीस पुन्हा चाचणीस बसू देणे व तिच्यावरील शेरा खोडणे.
संदर्भ : दि. ९ नोव्हेंबर २०२५ च्या चाचणीचा निकाल, ‘नापास’.

महोदय,

अर्ज मराठीत का, ते आधी. आपण मूळ खानदेशातले, एरंडोलकडचे आहात असे आपल्या शिपायाने सांगितले. अर्जदाराची सगळी भिस्त त्यावर आहे, कारण हे प्रकरण एका शब्दाचे आहे आणि तो शब्द आपल्या घरीही बोलला जात असणार. अर्जदाराचा हात थरथरतो, म्हणून मजकूर शेजारी भाईदास बोरसे लिहीत आहेत. कुठे भाषा चढलेली वाटल्यास दोष लिहिणाऱ्याचा समजावा, अर्जदार गरीब स्वभावाचे आहेत.

१. अर्जदार चौतीस वर्षे लूमवर होते. त्यांच्या पत्नी शोभाबाई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरत. तिथे बारदानावर पडलेले एक पिल्लू त्यांनी पदरात घालून घरी आणले. अंगाने त्या कांडीसारखेच बारीक, म्हणून नाव कांडी. तिला शिस्त लावली ती शोभाबाईंनीच, आणि तीही अहिराणीत. घराबाहेर पडताना त्या म्हणत, ‘बठ, येस मी.’ बस, येते मी. कांडी उंबऱ्यावर बसे. परत आल्यावर त्या म्हणत, ‘उनू व माय.’ आले गं बाई. मगच ती उठे. मधल्या वेळात कोणी भाकरीचा तुकडा दाखवला तरी ढिम्म हलत नसे.

२. गेल्या १४ मार्चला सकाळी शोभाबाईंच्या छातीत कळ आली. रिक्षा आणली. जिना उतरताना एक हात छातीवर, एक कठड्यावर, अशाही स्थितीत सवयीने त्या कांडीला म्हणाल्या, ‘बठ, येस मी.’ संध्याकाळी त्यांना घरी आणले. पण त्या काही बोलल्या नाहीत.

३. तेव्हापासून कांडी जिन्यात बसते. अर्जदार तिला खाली नेतात, खाऊ घालतात, आणि वर आली की ती पुन्हा त्याच पायरीवर. भुंकत नाही, चावत नाही. मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओलांडून जावे लागते, हे खरे आहे. सोसायटीचे सेक्रेटरी मगनभाई यांनी लेखी कळवले की, ३० नोव्हेंबरपर्यंत आपल्या समितीचा दाखला आणावा, नाहीतर कुत्री बाहेर काढावी. मगनभाई वाईट माणूस नाहीत. त्यांना नियम तेवढा येतो.

४. चाचणीत कांडी पाच कसोट्या बिनबोभाट पास झाली. गर्दी, लहान मुले, दुसरा कुत्रा, रिक्षाचा हॉर्न, अनोळखी माणसाचा हात. सहावी कसोटी अशी, की मालकाने कुत्र्याला एक शब्द सांगून पट्टा परीक्षकाच्या हाती द्यावा, तीन मिनिटे नजरेआड व्हावे आणि परत येऊन हाक मारावी. अर्जदार मार्चपासून घरातून मुकाट्याने निघतात, कांडीला काही म्हणत नाहीत. इथे शब्द सक्तीचा होता. ‘जातो’ म्हणावे तर जन्मात म्हटले नाही. आपल्याकडे जाणारा ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतात, हे आपणांस सांगायला नको. तोंडातून निघून गेले, ‘बठ, येस मी.’

५. कांडी बसली. तीन मिनिटांनी अर्जदार आले, हाक मारली. तिने अर्जदाराच्या मागे, फाटकाकडे पाहिले. अर्जदार चाळीस मिनिटे तिच्याशेजारी जमिनीवर बसले. शेवटी उचलून रिक्षात घालावी लागली. परीक्षकांनी शेरा लिहिला : ‘मालकास ओळखत नाही. आज्ञा पाळत नाही.’

६. महोदय, आज्ञा पाळत नाही? तीन मिनिटे थांबायचे होते, ती आठ महिने थांबली आहे. शहाण्यासुरत्या माणसांना एवढे जमत नाही. (हे वाक्य खोडा असे अर्जदार म्हणाले. लिहिणाऱ्याने खोडले नाही.)

७. ‘उनू व माय’ म्हटले की ती उठेल, हे अर्जदारांना ठाऊक आहे. एप्रिलमध्ये त्यांनी एकदा तसे म्हणून पाहिले. कांडी धडपडत उठली, खालपर्यंत गेली, पार्किंगमध्ये सगळीकडे हुंगून आली आणि पायरीवर बसली. त्या दिवशी तिने अन्नाला तोंड लावले नाही. तिच्याशी दुसऱ्यांदा खोटे बोलणे अर्जदारांना शक्य नाही, मग ती पास होवो की नापास.

८. सबब विनंती, की ३० तारखेपूर्वी फेरचाचणी घ्यावी आणि सहाव्या कसोटीत अर्जदारांना ‘जास’ म्हणू द्यावे, म्हणजे जातो. आठ दिवस ते दाराशी उभे राहून त्याचा सराव करीत आहेत. लिहिणाऱ्याच्या पत्नी उषाबाई कान झाकून घेतात. पहिल्या दिवशी अर्जदारांची जीभ अडली, नंतर ते रडले, आता जमते. ‘जास’ म्हणून गेलेला माणूस परत येतो, एवढे कांडीला कळू लागले आहे. शोभाबाई असत्या तर रागावल्या असत्या.

९. फेरचाचणी नियमात बसत नसेल तर नापास राहू द्यावे. अर्जदार कांडीला घेऊन दुसरीकडे खोली पाहतील, जरी त्या पायरीवरून तिला कायमचे कसे न्यायचे हे त्यांना सुचलेले नाही. पण ‘मालकास ओळखत नाही’ एवढे तरी खोडावे. तिने मालकीण ओळखली, म्हणून तर उठली नाही.

कळावे, निर्णयाची वाट दोघेही पाहत आहेत.

आपला नम्र,
(सही) सुकलाल दगडू महाजन
लिहिणार : भाईदास बोरसे
बमरोली, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) चाचणीचा निकाल
२) सोसायटीचे पत्र
३) कांडीचा फोटो, पायरीवरचा
४) शोभाबाईंच्या मृत्यूचा दाखला, मूळ प्रत. काम झाल्यावर परत मिळावी. घरात हा कागद वाचता न येणारी कांडी एकटीच आहे.