मान खाली, सात दिवस

मंगळवार, ४ तारीख
डोळ्याचा पडदा सुटला होता, तो काल ऑपरेशन करून बसवला. पडदा दाबून धरायला आत गॅसचा बुडबुडा भरलाय. म्हणून सात दिवस पालथं पडायचं. मान वर केली तर पडदा पुन्हा सुटेल, डोळा जाईल — डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. वही फरशीवर, मी पलंगाच्या कडेवरून लोंबतोय. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

बुधवार, ५
मान मोडून आली. चोरून जरा वर केली की स्वयंपाकघरातून आवाज — "अहो, खाली!" भिंतीपलीकडून कसं कळतं हिला? छत्तीस वर्षांचा संसार, दुसरं काय.

गुरुवार, ६
जगात आता फक्त पाय उरलेत. चपलांच्या दुकानात जन्म गेला, चालीवरून गिऱ्हाइकाचा नंबर सांगायचो. हिचे पाय मात्र आज नीट पाहिले. पायात दुकानात उरलेली जोडी, टाच मागून बाहेर. बाईने कधी तक्रार केली नाही.
दुपारी ही खाली फरशीवर उताणी पडली, माझ्या तोंडासमोर, गप्पा मारायला. "खालून फारच म्हातारे दिसता हो." किती दिवसांनी इतके हसलो.

शनिवार, ८
फरशीवर लाल ठिपके, हिच्या पावलामागोमाग. "थांब, पाय दे इकडे." मान न उचलता पाऊल धरलं. चपलेच्या तळातून टाचणी आरपार, टाचेत रुतलेली! "दुखत नाही?" "कुठे काय?" म्हणे. शुगरवाल्यांचे असे बधिर पाय दुकानात पाहिलेत मी. "आत्ता जा दवाखान्यात, नाहीतर मी उठून बसतो." गेली, पुटपुटत.

सोमवार, १०
शुगर तीनशे चाळीस. कधीपासून, कुणास ठाऊक. ताट घेऊन ही माझ्या पलंगाशी बसली. मी खालून हिच्या पायाचा अंगठा धरून राहिलो.

मंगळवार, ११
तपासणी. माझा पडदा घट्ट बसलाय. म्हटलं, हिचेही डोळे बघा. "मला काय धाड भरलीय? चांगलं दिसतंय की." डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. शुगरमुळे दोन्ही पडद्यांत रक्त झिरपतंय. अजून वर्ष काढलं असतंत तर दिसणं अवघड होतं, म्हणाले. लेसरने थोपवता येईल. परवा पहिली खेप.
घरी येईपर्यंत हिने माझा हात सोडला नाही. मीही नाही.

बुधवार, १२
आज मान वर. हिला खुर्चीत बसवलं, पायाशी मापाची पट्टी घेऊन बसलो. सहा नंबर. छत्तीस वर्षं मी पाच आणत आलो.