सगळ्या फायली माझ्या नावावर

१९ मे, सोमवार
साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर पुन्हा रुसला. आमच्या बियाणं तपासायच्या लॅबचे मोठे साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "संगीता मॅडम, तुमचं हे फुकटचं सॉफ्टवेअर एक दिवस गोत्यात आणणार!" फुकटचं म्हणे! भंगारात चाललेला कॉम्प्युटर उचलून मी त्यावर लिनक्स टाकलं, फायली सगळ्यांना वाटून देणारं सांबा बसवलं, म्हणून तर आठ विंडोजवाले एकाच फोल्डरमधल्या फायली उघडून राह्यलेत. हे मनात. तोंडावर "हो सर, बघते सर."
प्रिंटर चालू झाला. बिघाड सापडावा म्हणून सांबाची नोंदवही बारीक लिहायला लावली आहे. कोणत्या कॉम्प्युटरनं कोणती फाईल कधी उघडली, सगळं उतरतं. काम झालं की बंद करायचं. विसरू नको, बाई.

२० मे, मंगळवार
सोयाबीन, लॉट १४. वाळूच्या ट्रेमधल्या बियांचा आज आठवा दिवस. लॅबात मदतीला असलेल्या सुनंदामावशीनं कोंब मोजले. ती पाच-पाच रेघांचे गठ्ठे मारून मोजते, चिठ्ठी देते, मी टाईप करते. शंभरात अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली म्हणजे नापास. मावशी म्हणे, "लिवलं का नीट? समदं मढंच निघालं बग."
लिहिलं. गोदामात या लॉटची थप्पी छताला टेकली आहे. मोठे साहेब बोंबलणार.

२२ मे, गुरुवार

मोठ्या साहेबांनी (इथून पुढं मो.सा., पूर्ण लिहायचीबी भीती वाटून राह्यली) केबिनमध्ये बोलावलं. लॉट १४ चा निकाल प्रिंट करून ठेवलेला. सही करा म्हणे. आकडा: एकाहत्तर.
मी म्हटलं, "सर, अठ्ठावन्न होतं."
"काहीतरीच. फाईल तर तुम्हीच भरली." माऊस फिरवला, दाखवलं. फाईलचा मालक: संगीता. शेवटचा बदल काल दुपारी, एक चाळीस.
काल एक चाळीसला मी आन् मावशी मागं लिंबाखाली डबा खाऊन राह्यलो होतो.
"विसरल्या असाल. घरी जाऊन विचार करा, पण या लॉटची गाडी मंगळवारी दुपारी निघते."
सही केली न्हाई. डोकं दुखतंय म्हटलं आन् उठले. 

त्याच दिवशी, घरी
मालक संगीताच दिसणार. मीच तसं करून ठेवलंय.
पहिल्या वर्षी रोज बोंबाबोंब व्हायची. "माझी फाईल तिला उघडंना," "तिची मला बदलता येईना." ज्याचं त्याचं खातं, ज्याचा त्याचा पासवर्ड, कोणाला लक्षात राहीना. वैतागले. मंग सांबाच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली: कोणीबी लिहो, फाईल संगीताच्या नावानं पडणार. एका ओळीत भांडणं मिटली. मो.सा.नी तेव्हा पेढे मागवले होते.
माझ्या हातानं माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तीन वर्षं सगळ्यांचं लिखाण माझ्या नावावर, आन् मी पेढे खाल्ले!
आई विचारते, जेवत का न्हाईस. 

२३ मे, शुक्रवार
सोमवारची ती बारीक नोंद! बंद करायची विसरले होते. देवच म्हटलं असतं, पण आमच्यात म्हणत न्हाईत.
जीव मुठीत धरून उघडली. सांबा प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी वही ठेवतं. एक चाळीसला लॉट १४ ची फाईल लिहायला उघडलेली. नाव माझंच. पण वही केबिनच्या कॉम्प्युटरची.
तोंडचं पाणी पळालं. म्हणजे मला माहीत होतंच, तरी.
केबिनला कुलूप नसतं, दुसरं कोणी बसलं असंल म्हणतील. पण मो.सा. डबा केबिनमध्येच खातात. पंख्याखाली, दार लोटून.
वही भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. पेनड्राईव्हवर उतरवून घेतली. पेनड्राईव्ह घरी ज्वारीच्या डब्यात, तळाशी. चोरी त्यांनी केली आन् लपवून मी राह्यले.

संध्याकाळी मंठ्याहून मामाचा फोन. "जय भीम, संगीते. तुमच्याच कंपनीचं सोयाबीन घेऊन राह्यलो औंदा. गल्लीतले आठ-दहा जणबी घ्यायलेत. म्हटलं भाची तिथं हाय, तिची सही असती. बराबर ना?"
मी "हो मामा" म्हटलं. हो म्हटलं! जीभ झडली न्हाई माझी.

२४ मे, शनिवार
मावशीला बाजूला घेतलं. "लॉट १४ च्या त्या रेघांच्या चिठ्ठ्या आहेत का?"
"तूच म्हनली ना, कॉम्प्युटर आलाय, कागुद फेका."  मंग दाराकडं बघून हळूच, "चार हायेत. पिशवीत. पन माजं नाव घिऊ नगं, बाई. मी कंत्राटावर. सून बी इथंच पॅकिंगला हाय. दोगीबी घरी बसू."
 तिला भीती वाटते तशीच मला वाटते. चिठ्ठ्या मागितल्या न्हाईत.
घरी येताना स्टेशनजवळ रिक्षा थांबली तर वाटलं, कोणी पाठीमागून येतंय. कोणी न्हवतं, एक बाई भाजीची पिशवी घेऊन.

२६ मे, सोमवार
मो.सा. आज गोड. चहा मागवला. "तुमची पगारवाढ वर पाठवून राह्यलो. आन् मॅडम, उगाच वाढवू नका. वरून कोणी विचारलं तर फाईल तुमच्या नावानं आहे, प्रिंट तुमच्या नावानं आहे. आम्ही काय सांगणार? संगीता मॅडमनीच भरलं, एवढंच ना."
चहा बाजूला सारला. म्हटलं, "सर, पुन्हा चाचणी लावू. आठ दिवस लागतील फक्त."
"आठ दिवसांनी पेरणी माझ्या डोक्यावर करायची का? उद्या बारापर्यंत सही."
नोकरी गेली तर आईच्या गोळ्या, औषधं, घरभाडं. सही केली तर मामा. डोळ्यांसमोर मामाचं रान येतं, नुसती मोकळी सरी.
पेनड्राईव्ह डब्यातून काढून पर्समध्ये टाकलाय. पुन्हा काढला. पुन्हा टाकला.

२७ मे, मंगळवार, ऑफिसात
सकाळी लवकर आले. पहिलं काम, ती ओळ पुसली. आता जो लिहील त्याचंच नाव पडंल. दहा मिनिटांत तिघांच्या हाका, "मॅडम, फाईल उघडंना!" उघडंल, स्वतःच्या पासवर्डनं. देऊन राह्यले एकेकाला.
मंग दोन पानं तयार केली. पहिलं, केबिनच्या वहीतली बुधवारची नोंद. दुसरं, लॉट १४ चा निकाल, अठ्ठावन्न, खाली माझी सही स्कॅन करून. मावशीचं नाव कुठंच न्हाई. तीच दोन पानं मुख्य ऑफिसच्या मेलवर टाकली. मेल गेला का न्हाई दोनदा बघितलं. गेला.
मावशी आत आली. स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरून.

११.४०
लॅबला प्रिंटर एकच आहे, आन् तो केबिनमध्ये. सगळ्यांची पानं तिथं निघतात, मो.सा. एकेक वाचून मंगच बाहेर देतात. मीच जोडलाय तो प्रिंटर. फाटकापाशी गाडी लागलेली दिसते, हमाल थप्पी मोडायला उभे.
मामाला फोन लावला. "बी उचलू नका. मी सांगेपर्यंत थांबा." "का गं?" "मंग सांगते."
तीच दोन पानं प्रिंटला लावली, बटणावर बोट ठेवलं. मावशी म्हणते, "दाब."

दाबलं. भिंतीपलीकडं प्रिंटर घरघरून राह्यलाय. एक पान पडलं.
केबिनात खुर्ची सरकली.