पान दोनशे दहा

बाई, तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा हे पत्र तपासून परत येईल अशी भीती नाही. तरी समास एक इंच सोडला आहे. मोजून.

मुलगी गेल्या आठवड्यात कॉलेजात गेली. अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावाहून गाडीने तीन तास. इथल्या कॉलेजांची एक रीत तुम्हाला आवडली असती. नव्याने येणाऱ्या सगळ्या मुलांना जूनमध्येच एक पुस्तक घरी पाठवतात. सुट्टीत वाचायचं आणि पहिल्या दिवशी त्यावर चर्चा. हिला आलेलं पुस्तक एका कुटुंबाचं होतं. ते आपलं आख्खं लाकडी घर ओंडक्यांवर चढवून, बैलांनी ओढत दुसऱ्या गावी नेतात. मुलगी म्हणाली, "बाबा, नोबडी रीड्स इट." मी म्हटलं, "मग मी वाचतो." खाकी कव्हर घातलं, पेन्सिलीला टोक केलं आणि बसलो. इथे ओळखीत जो तो बी.ई. नाहीतर एम.एस.; मी मॅट्रिकनंतर लेथवर उभा राहिलो आणि साच्यांचं ड्रॉइंग रद्दीतल्या पुस्तकांवरून शिकलो. हे मी कुणापासून लपवत नाही. मुलीच्या मते थोडं लपवलं तरी चालेल.

सुट्टीत पुस्तक वाचून ये, हे मला आधी तुम्ही सांगितलं होतंत. पंधरा जूनला मला वर्कशॉपमध्ये रुजू व्हायचं होतं. तुम्ही एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलंत, "हात काळे व्हायच्या आत हे संपव." चौदा तारखेला मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा आहे, तुम्ही मेथी निवडताय. "वाचलं बाई, फार छान आहे." तुम्ही हात पुसता, पुस्तक उघडता. तेव्हा पुस्तकांची पानं कडेला जोडलेली यायची, ती आपली आपण कापायची. माझी सोळाव्या पानानंतरची सगळी जोडलेलीच. तुम्ही पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवलीत, सुरी घेतलीत आणि एकेक पान कापत बसलात. "तुझी नजर मोठी बारीक रे," म्हणालात. "बंद पानातलंसुद्धा वाचतोस." ते पोहे अजून घशात आहेत. निघताना पुस्तक मलाच देऊन टाकलंत.

तुमचीच युक्ती मी मुलीवर केली. निम्मं वाचून झाल्यावर पुस्तक तिला दिलं, पण आधी दोनशे दहा आणि दोनशे अकरा ही समोरासमोरची पानं गोंदाच्या टिकलीएवढ्या थेंबाने चिकटवली. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "डन, बाबा." मी पाहिलं. पानं चिकटलेलीच. बोललो काही नाही. तुम्ही कुठे लगेच बोलला होतात. पुरावा मोडायला नको म्हणून उरलेलं पुस्तक मीही ती दोन पानं न सोडवताच वाचलं. दोनशे नऊवर त्या कुटुंबातली म्हातारी अंथरुणाला खिळलेली, दोनशे बारावरही खिळलेलीच. मध्ये काय असणार, खोकला.

पहिल्या दिवशी आईवडिलांनाही चर्चेला बसू देणार होते. कॉलेजच्या बाकावर बसायचा माझ्या आयुष्यातला तो पहिला दिवस, आणि बहुधा शेवटचा. म्हणून मी लेखकाच्या चुकांची यादी टाइप करून नेली. चौदा चुका, पान क्रमांकांसह. गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज यादी नको." "अगं, चुका माझ्या नाहीत, त्याच्या आहेत." शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणी पूर्ण वाचलंय? वडीलमंडळींत एकच हात वर. मी उभा राहिलो. "घर अठ्ठावीस फूट रुंद. नदीवरचा पूल सोळा फूट. पान साठवर घर पलीकडे पोचलेलं आहे. कसं पोचलं? मी कॉलेजात शिकलो नाही, पण टेप धरता येते."

त्या हसल्या, चांगलं हसल्या. "ते म्हातारी शेवटी सांगते. नदी गोठायची वाट बघत ते चार महिने काठावर त्याच घरात राहिले, आणि मग बर्फावरून गेले. पान दोनशे दहा. खरं तर सगळं पुस्तक त्या पानासाठीच आहे."

मी खाली बसलो. यादी घडी करून खिशात घातली. तेरा चुका तशाच राहिल्या.

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, तू वाचलंस ना?" मी म्हटलं, "आपल्या कॉपीत ती पानं चिकटलीयत. छपाईचा दोष." ती म्हणाली, "मला काय माहीत. मी लायब्ररीची कॉपी वाचली. तुझ्या पेन्सिलीखाली पुस्तक सापडत नव्हतं." मग तिने मला ते चार महिने पार्किंगपर्यंत सांगितले. काठावर रांधणं, खिडकीतून रोज नदीकडे बघणं, पोरांचं सारखं विचारणं, आज गोठली का. फार छान सांगितलं, बाई. तिचं सामान उतरवायचं होतं आणि मला ते उतरवावंसं वाटेना.

काल तिचा फोन आला. वर्गातल्या पुढच्या चर्चेत तिने तुमच्या सुरीची गोष्ट सांगितली म्हणे, सगळे खूप हसले. तुमची गोष्ट मी तिला लहानपणापासून सांगत आलोय, फक्त त्यात पुस्तक न वाचणारा मुलगा आमच्या वर्गातला कुणीतरी असतो. ती म्हणाली, "बाबा, त्या मुलाचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, आता आठवत नाही.