गोड्या पाण्याने धुतलेलं विमान

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, रसायनशास्त्राची पदवीधर, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. म्हणून डोकं ठिकाणावर असताना, कुणीही गळ घातलेली नसताना, माझ्यामागे काय व्हावं ते लिहून ठेवते. गेली आठ वर्षं हे डोकं ठिकाणावर होतं का, हा प्रश्न कायद्याचा नाही.

१. समुद्राजवळचं घर, बँकेतली शिल्लक आणि माझ्या डायऱ्या मुलीला. डायऱ्यांमधल्या रविवारच्या नोंदी तिने वाचू नयेत, ही विनंती.

२. शिलाई मशीन धाकट्या नणंदेला. विमानाची ताडपत्री त्यावरच शिवली. विमानापायी घर विसरलात, असं भावाला सुनावून ती गेली, ती आठ वर्षं फिरकली नाही. भाऊ गेला तेव्हाही नुसतं पत्र आलं. मागच्या महिन्यात आली, पाण्याचा एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "वहिनी, यात मीठ पडलंय का गं?" तिच्यावरचा राग मी सोडत नाही. अधूनमधून आली असती तर पहिल्याच घोटात सांगितलं असतं. हे न्यायाचं नाही, मला कळतं.

३. हे कलम वाटणीचं नाही, खुलाशाचं आहे. माझे पती आणि मी नऊ वर्षं खपून शेडमध्ये दोन माणसांचं अॅल्युमिनियमचं विमान बांधलं. खारा वारा धातू खातो, म्हणून त्यांनी मला बजावलं होतं, दर रविवारी गोड्या पाण्याने धू, सांध्यांत नळी घालून आतपर्यंत. आठ वर्षांत मी एक रविवार चुकवला नाही, ते गेल्यानंतरची दोन वर्षंही नाही. पाणी शेडमागच्या विहिरीचं. तिला आम्ही गोडी विहीर म्हणायचो. समुद्र तिच्यात वर्षागणिक थोडा थोडा शिरत होता, आणि आम्ही तेच पाणी पीत असल्यामुळे आमच्या तोंडाला ते गोडच राहिलं. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाण्यातलं मीठ कसं ओळखायचं, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला दाखवते. विहिरीचं पाणी परीक्षानळीत कधी घेतलं नव्हतं. नणंद गेल्यावर घेतलं. दुधासारखं पांढरं झालं, म्हणजे मीठच.

४. विमान. मग बोलावलेल्या विमानाच्या मेकॅनिकांनी पंखाच्या झडपेतून छोटा आरसा आणि टॉर्च घालून पाहिलं. म्हणाले, "ताई, बाहेरून चकाचक आहे. आत पार बिस्किट झालंय." ज्या आडव्या दांड्यावर अख्खा पंख तोललेला असतो, त्या स्पारचे पापुद्रे सुटले आहेत. गेल्या दोन वर्षांत मुलगी या पंखांवर बावीस वेळा उडाली. दर वेळी लॉगबुकात 'धुतले, स्वच्छ' असं मी लिहिलं, खाली सही केली. ती म्हणते, घासून रंग दिला की होईल नीट, बाबांचं विमान आहे. तिने ते उडवू नये, दुरुस्त करू नये, कुणाला देऊ नये. माझ्या मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत मेकॅनिकांनी दोन्ही स्पार कापावेत.

५. शेडमधली सगळी हत्यारं मेकॅनिकांना. वाटा मिळणारा साक्षीदार चालत नाही, म्हणून त्यांना साक्षीदार केलेलं नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. वरचा मजकूर मुलीला वाचून दाखवला. चौथ्या कलमाला तिने मला थांबवलं. मग म्हणाली, "आई, कापायचंच आहे ना? मग तू आहेस तोवर काप. तू गेल्यावर मी दारात उभी राहून दुसऱ्याला कापताना बघू का?"

मी फोन उचलला. मेकॅनिकांना बोलावलं. त्यांनी डाव्या पंखाला खालून टेकू दिला, करवत माझ्या हातात दिली, आणि पंख जिथे धडाला जोडतो तिथे खूण केली. तासभर तरी लागेल, असं म्हणाले. दहा मिनिटांत पातं आरपार गेलं. मध्ये कुठे अडलंच नाही. भुकटी माझ्या चपलांवर पडत राहिली.

मुलगी जवळ आली, वाकून कापलेली कड पाहिली आणि जमिनीवरच बसली. रंगाचं पुन्हा बोलली नाही.

उजवा पंख उद्या. चौथं कलम तरीही खोडलेलं नाही.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. शाळेच्या ग्रंथपाल (सही)
ठिकाण: शेड, कामाचं टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर, गुरुवार